निकाली कुस्ती

“नाना, एवढंच म्हणायचं. पोरींची ती कुस्ती नव्हती, करमणुकीचा कार्यक्रम होता,” साताऱ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात वकील विश्वजीतनं पुन्हा बजावलं.

आकारामनानांनी मान हलवली. हे म्हणणं त्यांना जड नव्हतं. फौजेतून हवालदार होऊन परतल्यापासून गावच्या यात्रेतलं कुस्ती मैदान तेच भरवत होते. पोरींनी आखाड्यात उतरू नये, हे त्यांचं मत सगळ्या गावाला ठाऊक होतं. यंदा यात्रा कमिटीतल्या तरण्या पोरांनी त्यांचं काही चालू दिलं नाही. दोन पोरींची जोड लागली, तेव्हा नाना तरातरा उठून देवळात जाऊन बसले. घरातसुद्धा त्या कुस्तीचा विषय निघाला, की ते ताटावरून उठत.

नेमकी तीच कुस्ती मोबाईलवर गाजली. मैदान मोबाईलवर लाइव्ह दाखवायचे हक्क कमिटीनं करार करून अजीम नावाच्या माणसाच्या चॅनेलला दिले होते. एका मोठ्या कंपनीनं त्या कुस्तीचा व्हिडिओ मागितला आणि वाद पेटला. कमिटी म्हणाली, व्हिडिओ गावाचा. त्याच्या पैशातून तालमीवर नवं छप्पर चढेल. अजीमनं करार पुढं केला. त्यात ‘मैदानातील सर्व कुस्त्या’ असं लिहिलं होतं. वाद झाल्यास कोर्टात न जाता सांगलीच्या लवादाकडं जायचं, हेही लिहिलं होतं. तरी कमिटीनं नानांच्या नावानं साताऱ्याला दावा लावला आणि आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. ती कुस्ती असेल, तर करार लागू आणि कमिटीचा दावा इथंच संपला. नसेल, तर व्हिडिओ गावाचा.

“आणि कुस्तीच नव्हती म्हटल्यावर हारजीत तरी कुठं उरली?” विश्वजीत हळूच म्हणाला. “तुमच्याही मनासारखं होईल.”

तो व्हिडिओ नानांनी पहिल्यांदा बघितला तो याच वकिलाच्या ऑफिसात, दाव्यापुरता. नंतर मात्र गोठ्यात एकटेच बसून बघत राहिले. वरच्या पोरीनं ढाक डाव मारून दुसरीला खाली घेतलं होतं. खालची मानेवर पूल धरून, पाठ कमानीसारखी उचलून तटली होती. गालाला माती, डोळे गच्च मिटलेले, पण खांदा टेकू देत नव्हती. सगळ्यांनी वरचीला टाळ्या वाजवल्या. नाना खालचीकडंच बघत होते.

पुकारा झाला. नाना न्यायाधीशांसमोर उभे राहिले.

“ती कुस्ती होती का?” न्यायाधीशांनी सरळ विचारलं.

विश्वजीतनं घसा खाकरला. नानांनी एकदा टोपी काढली, परत घातली.

“व्हय साहेब. कुस्तीच होती. निकाली कुस्ती.”

अजीमनं चमकून वर बघितलं. मागं बसलेले कमिटीचे लोक कुजबुजले. न्यायाधीश थोडे पुढं झुकले. “नाना, असं म्हणालात तर तुमचा दावा इथं टिकत नाही. लक्षात येतंय ना?”

“येतंय की. पर म्या स्वतः आखाड्यात घाम गाळलाय. कुस्तीला तमाशा कसं म्हनू?”

विश्वजीतनं फाईल मिटली. वाद सांगलीला लवादाकडं पाठवण्याचा हुकूम न्यायाधीश सांगू लागले. लिहून घेणाऱ्या बाई मध्येच थांबल्या. कुस्ती कुणाकुणाची, ते त्यांना हवं होतं.

“जिंकली वाईची प्रियदर्शनी,” नाना म्हणाले.

“आणि हरलेली?”

“राजेश्वरी.” नाना ताठ झाले. “माझी नात हाय.”

बाईंनी नाव लिहिलं.

“नुसतं राजेश्वरी नगं, बाई,” नाना म्हणाले. “पैलवान राजेश्वरी लिवा.”