रखमाजीचं पर्थशायर

"अन् धरणावर माशांना चढायला चक्क जिना केलाय!" रखमाजीनं हवेत बोटानं पायऱ्या काढून दाखवल्या. कळंबच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाचे कप तोंडाशीच थांबले. पर्थशायर म्हणजे स्कॉटलंडातला जुना, राजेरजवाड्यांचा मुलूख. रखमाजीची मुलगी आरती तिथं नोकरीला. तिनंच आईबापाला पंधरा दिवस फिरायला बोलावलं होतं.

खरी गोष्ट अशी, की रखमाजीनं पर्थशायर पाहिलंच नव्हतं. मुंबईच्या विमानतळाबाहेर डोक्यावरून एक विमान गरजत गेलं आणि त्याचे पाय जागीच थिजले. बायकोनं, ठमाबाईनं, हात धरून ओढलं, चिडली, शेवटी डोळे पुसत एकटीच आत गेली. रखमाजी गुपचूप घोडेगावला उतरून डोंगरातल्या बहिणीकडं जाऊन लपला. बायको परतल्यावर त्यानं तिच्या मोबाइलातले फोटो तोंडपाठ केले.

"स्कूनच्या राजवाड्यात मोर मोकळे हिंडत्यात," रखमाजी रंगात आला. "एक तर आमच्या हिच्या पदरामागंच लागला."

"मोर व्हतं, मासं व्हतं," शेजारच्या बाकावरचा गेणभाऊ म्हणाला, "पण एकाबी फोटोत तू कसा नाय?"

"फोटो काढणारा फोटोत येतो व्हय?"

हशा पिकला. गेणभाऊ तेवढा हसला नाही. "माझ्या मेव्हण्याला तू त्याच दिवसांत घोडेगावच्या स्टँडवर दिसला, राव."

रखमाजीच्या कानशिलावरून घाम ओघळला. तेवढ्यात गिरणीतून दळण घेऊन ठमाबाई समोरून आली. गेणभाऊनं हाक मारलीच. "वहिनी, खरं सांगा. हे तुमच्यासंगं तिकडं व्हतं का?"

ठमाबाईनं पिठाचा डबा खाली ठेवला. नवऱ्याकडं पाहिलं. विमानतळाच्या दारातून वळून बघणारे तेच डोळे. आता गावभर हसं होणार, हे ओळखून रखमाजीनं मान खाली घातली.

"व्हतं की!" ती म्हणाली.

रखमाजीचा जीव भांड्यात पडला. गेणभाऊचं तोंड एवढंसं झालं.

"तिथं यांना लई करमलं. दिवाळी झाली की परत चाललोय. आरतीनं दोघांची तिकिटंबी काढली." ठमाबाईनं डबा उचलून कडेवर घेतला. "अन् ह्या टायमाला यांना खिडकीचीच जागा पायजे म्हणत्यात."