पुस्तकांची कापणी

लोधिवलीच्या शाळेला मी मुंबईच्या छापखान्यातून पेटीभर पुस्तकं आणून दिली. दसऱ्याला बघायला गेले, तर पुस्तकं हळदकुंकू लावून पाटावर बसलेली, पोरं लांब हात जोडून उभी. एक उघडायला गेले, तर छापखान्यातून आली तशी पानं कडेला जोडलेलीच.

"मास्तर, पोरांनी वाचलं काय, का नुसता नवसच केला?"

"येसूबाई, पानं कापल्याशिवाय वाचता येत नाहीत. पण सरस्वतीला पातं कसं लावायचं?"

"भाताला आमी दरसाल लावतो. ती लक्षुमी नाय काय?"

मी शेतावरनंच आले होते. हातातल्या विळ्यानं सगळी पानं मोकळी केली. पोरांनी पुस्तकं पळवली आणि ती मोठमोठ्यानं वाचायला लागली.

मी तिथंच फतकल मारून बसले. "हळू वाचा रं. काय दिलंय ते मलाबी कळू दे."