जमा झालेली ओळखपत्रं

तुरुंगाच्या फाटकाशी बसून आत येणाऱ्या कैद्यांच्या वस्तू जमा करून घेण्यात बाबांची वीस वर्षं गेली होती. लेकीनं राज्यशास्त्रासाठी परराज्यातल्या दोन सरकारी विद्यापीठांची पत्रं पुढ्यात ठेवली, तेव्हा पहिल्यावर दीपस्तंभाचं चिन्ह दिसताच त्यांनी ते पत्र बाजूला सारलं. इथे मोर्चाला येऊन पकडल्या गेलेल्या पोरांची, तोच दीपस्तंभ छापलेली तीन ओळखपत्रं तुरुंगातल्या कपाटात पडून होती. “दुसरंच घे,” ते म्हणाले. “का पण?” “तिथली खानावळ चांगली आहे म्हणतात.” लेक हसली आणि तिनं दुसऱ्याला होकार कळवून टाकला. त्यांचा जीव भांड्यात पडला. सोमवारी टेबलासमोर एक मुलगी उभी राहिली. तिनं घड्याळ काढलं, कानातलं काढलं, मग ओळखपत्र ठेवलं. त्यावर होडी होती, लेकीनं होकार कळवलेल्या दुसऱ्या पत्रावरचीच. “घरी कुणाला कळवायचं?” त्यांनी कसंबसं विचारलं. “कुणालाच नको काका,” ती म्हणाली. “माझे बाबा फार घाबरतात.”