खिळ्यावरचं चामडं

पेट्रोल संपत आल्यामुळे प्रवासी विमान नरडाण्याजवळच्या माळावर उतरवावं लागलं. धुळ्याहून पेट्रोलचे डबे आले. पेट्रोल मऊ चामड्यातून गाळूनच टाकीत ओतायचं असतं. ते चामडं मेकॅनिक वना मुंबईला खिळ्यावरच विसरलेला. "चामडं फाटलं, साहेब," त्यानं पायलटला सर्वांदेखत ठोकून दिलं. "स्वच्छ फडकं आहे कुणाकडे?" प्रवाशांतल्या म्हाताऱ्या राजकुंवरबाईंनी पिशवीतलं दुहेरी जाड फडकं दिलं. डब्यांतला गंज त्यात अडकला, टाकी भरली, पायलटनं वनाची पाठ थोपटली. तेवढ्यात गावातून पाण्याचे हंडे आले. उन्हानं तापलेले प्रवासी घटाघटा प्यायले; राजकुंवरबाईंनी तांब्या परत केला. "न गाळलेलं आम्ही पीत नाही." "पदर शे ना, अक्का!" गावकरीण त्यांच्या पदराकडे बोट करत म्हणाली. "नेसत्या वस्त्राचं चालत नाही." वनानं पेट्रोलनं भिजलेलं फडकं पाठीमागे लपवलं. राजकुंवरबाई कोरड्या ओठांनी हसल्या, "चामडं फाटलं, त्यात तुमचा काय दोष, भाऊ?"