चाळीस मिनिटांचा चौकोन

एकतिसाव्या मिनिटाला आई आली.

लेक चौकोनात उभी होती. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीनं आखलेला चौकोन. दोन पावलं लांब, दोन पावलं रुंद. दर शनिवारी दुपारी इथं नाटकाचा फुकटचा वर्ग भरायचा, कुणीही यावं. नियम साधा. चाळीस मिनिटं आत उभं राहायचं. बोलायचं नाही, बाहेर पडायचं नाही. बाकीच्यांनी काहीही म्हणावं, काहीही करावं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, उभं राहणं हाच प्रयोग. लेकीला आधी हसू आलं होतं. मग कळलं, जो टिकेल त्याला मॅडम आठ दिवस दुसऱ्या शहरात प्रयोगाला नेणार. तेव्हापासून हसू बंद. जन्मापासून ती एक रात्रसुद्धा आईच्या शिलाई मशीनच्या खडखडाटाबाहेर झोपली नव्हती.

आधी दोनदा ती भडकली होती. एकदा वर्गातल्या न्हाव्यानं तिच्या केसांना नावं ठेवली, एकदा पोस्टमनकाकांनी "शाळा का सोडलीस?" विचारलं. दोन्ही वेळा बाराव्या मिनिटाला बाहेर, तेही शिवी हासडून. आज मात्र दगड झाली होती. न्हावी बोलून बोलून दमला आणि खिडकीत जाऊन बसला.

"कुठंय ती भवानी?"

आवाज आधी आला, मग आई. गळ्यात टेप, कॉलरला दोन सुया, छाती भात्यासारखी वरखाली.

"बॉबिनची डबी दे."

मशीनच्या पोटात असते ती अंगठ्याएवढी लोखंडी डबी. ती नसली की मशीन म्हणजे नुसतं टेबल. लेकीनं निघताना गुपचूप काढून खिशात टाकली होती. मशीन बंद म्हणजे 'काजं कर गं, टीप उसव गं' बंद. तासभर तरी कुणी हाक मारणार नाही, असा हिशेब. आई जिने चढून येईल हे त्यात धरलंच नव्हतं.

"अगं बोल की! दुकानात नर्सबाई माझा गाऊन घालून बसलीय. तिचा युनिफॉर्म मी उसवून ठेवला आणि खाली बघते तर डबी गायब! सहाची ड्यूटी आहे तिची. गाऊनवर जाईल का दवाखान्यात?"

पोस्टमनकाका फिसकन हसले.

"काका, तुम्ही हसू नका. तुमच्या पँटी कुठं कुठं उसवतात ते सांगू का सगळ्यांना?"

हॉलभर हशा. मॅडम पुढं सरकून बसल्या. कुणी आईला नियम सांगितला नाही.

"हिला काय केलंत हो?" आई मॅडमना म्हणाली. "घरी एक शब्द खाली पडू देत नाही. आणि इथं बघा, पुतळा!"

लेकीनं दात आवळले. सात मिनिटं. फक्त सात.

आई सरळ चौकोनात शिरली. तिला चिकटपट्टी दिसलीही नाही. एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला, डबी काढली. आता जाईल, लेकीला वाटलं. जा ना. जा.

आईचं लक्ष बाहीकडं गेलं.

"हे बटण बघ कसं लोंबतंय. लोक म्हणतील, शिंपिणीची पोरगी!"

कॉलरची सुई निघाली. दोराही ओवलेलाच होता. आईनं लेकीचं मनगट पकडलं आणि उभ्या उभ्या बटण लावायला घेतलं. सुई खाली, सुई वर. आईच्या केसांत खडूची भुकटी होती, हाताला मशीनच्या तेलाचा वास. मनगट सोडवावं म्हटलं तर पाय हलणार. ओरडावं म्हटलं तर दुसऱ्या शहरातले ते आठ दिवस हातचे गेलेच. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं. बघणाऱ्यांना काय कळणार? न्हाव्यानं स्वतःचे डोळे पुसले.

आईनं वाकून दातानं दोरा तोडला. गजर वाजला.

टाळ्यांचा कडकडाट. पोस्टमनकाका तर उभेच राहिले.

"टिकले!" लेक किंचाळली. "मॅडम, टिकले ना मी? जाणार ना?"

"जाणार म्हणजे काय!" मॅडम उठून पुढं आल्या. "पण आता हेच न्यायचं. असंच्या असं. तू उभी, आई बटण लावतेय." त्या आईकडं वळल्या. "तुम्ही याल ना?"

"मी? कुठं?"

"आठ दिवस. हिच्याबरोबर."

आईनं मुठीतल्या डबीकडं बघितलं, मग टाळ्या वाजवणाऱ्यांकडं. आयुष्यात पहिल्यांदाच ती लाजली. "मला कुठलं येतंय असलं..." म्हणता म्हणता तिनं सांगूनही टाकलं, "पण लावू की दुकानाला कुलूप. नाहीतरी हिला एकटीला कुठं सोडणार होते मी!"

लेकीनं मॅडमकडं बघितलं, मग बाकीच्यांकडं. समोर सगळे ओल्या डोळ्यांनी हसत होते. मशीनचा खडखडाट सुटणार होता, पण मशीनवाली बरोबर येत होती.

मॅडम गुडघ्यावर बसून जुनी चिकटपट्टी उपटायला लागल्या. दोघींना तो चौकोन पुरणार नव्हता.

"थांबा, अंदाजानं नको," आईनं गळ्यातला टेप ओढून काढला. "आणि सैलच ठेवा. नंतर आत घेता येतं."

तिनं टेपचं टोक लेकीच्या हातात दिलं. लेक अजून होती तिथंच उभी होती.

"धर," आई म्हणाली. "आणि हलू नकोस."