आधी सँडविच

विमान कंपनीत तक्रारी मिटवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. विमान रखडलं की माणसं भरपाई मागायला तावातावाने त्याच्या खिडकीवर यायची आणि तो आधी त्यांच्या हातात सँडविच ठेवायचा. "भांडू आपण सावकाश, आधी दोन घास खाऊन घ्या." माणूस खायला लागला की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा आणि सँडविच संपेपर्यंत भरपाईचा विषयही संपलेला असायचा. "खाल्लं की मिटलं," असं तो घरी जेवताना फुशारकीने सांगायचा. बायको हसायची. वडील मुकाट्याने जेवत असायचे.

आज वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तो घरी पोचला तेव्हा दवाखाना कधीच बंद झाला होता. वडील दाराजवळच्या खुर्चीत बूट घालून बसले होते आणि मांडीवर चष्म्याची डबी होती.

"बाबा, आज एक विमान अडकलं. माझ्या हातात काहीच नव्हतं."

त्याने बेकरीतून आणलेला केक पिशवीतून काढून त्यांच्यासमोर धरला. "तुमच्या आवडीचा आहे. भूक लागली असेल, आधी दोन घास खाऊन घ्या."

वडिलांनी पुडा चाचपून पाहिला आणि तसाच त्याच्या हातात परत दिला.

"भूक आहे रे," ते म्हणाले, "पण खाल्लं की मिटतं."