शून्य मिनिटं

"एवढा उशीर का केलात?" डॉक्टर सुनेवर खेकसले. "सकाळी सहाला यांच्या हातातून कप पडला म्हणता आणि दवाखान्यात आणता अकराला? अर्धांगवायूच्या झटक्यावरचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आता देऊन काही उपयोग नाही."

सासरे स्ट्रेचरवर पडले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. चाळीस वर्षं रंधा चालवलेला उजवा हात खाली लोंबकळत होता. सून तो उचलून त्यांच्या पोटावर ठेवायची, तो पुन्हा घसरायचा.

"उशीर नाही हो केला," ती म्हणाली. "पावणेसातला आलोय आम्ही."

डॉक्टरांनी चिठ्ठी तिच्या डोळ्यांपुढे धरली. आल्याची वेळ अकरा वाजून चार मिनिटं. तपासणीची वेळ, तीच. प्रतीक्षा, शून्य मिनिटं.

"मग हे काय खोटं लिहिलंय?"

सून चिठ्ठीकडे बघत राहिली. चूक आपलीच असावी असं तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटायला लागलं.

भिंतीशी एक मुलगी फाईल घेऊन उभी होती. दवाखान्यात तिला सगळे 'प्रोजेक्टवाली' म्हणायचे. मॅनेजमेंटच्या कॉलेजातून ती आली होती. दवाखाना आपलं काम कसं मोजतो आणि कसं ताब्यात ठेवतो याचा अभ्यास करायला. 'सरासरी प्रतीक्षा अकरा मिनिटं' असं तिने पहिल्याच दिवशी लिहून घेतलं होतं आणि पुढे स्वतःच्या मनाने 'अनुकरणीय' असा शब्द जोडला होता.

"सिस्टर, चार तास ही माणसं होती कुठे?" तिने विचारलं.

मोठ्या सिस्टर सलाईन लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मागच्या शेडमध्ये. चिठ्ठी दाराच्या आत फाडतात ना. आत जागा झाली की वॉचमन चार-चार जणांना सोडतो. बाहेर बसलेली मोजत नाहीत. हे दारात येऊन कोसळले, तेव्हा कुठे आत घेतलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. तू दोन आठवडे वरच्या मजल्यावर बसलीस, म्हणून तुला नाही."

प्रोजेक्टवाली मागच्या जिन्याने शेडमध्ये गेली. पूर्वी तिथे गाड्या लावत. ऑइलचे डाग चुकवून माणसं जमिनीवर बसली होती. बोटाला टॉवेल गुंडाळलेला एक शिंपी. तापलेलं बाळ खांद्यावर टाकून येरझारा घालणारी एक बाई. डोळे मिटून बसलेली एक म्हातारी. तिने मोजली, त्रेचाळीस माणसं. एकाकडेही चिठ्ठी नव्हती.

ती तशीच व्यवस्थापकांच्या खोलीत शिरली. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"घड्याळ दारापासून सुरू होतं," ते म्हणाले. "मोजायला कुठूनतरी सुरुवात करावीच लागते. हे तर तुझ्या पुस्तकातही असेल."

"सर, त्या आजोबांचा हात गेला. वाचाही गेली बहुतेक."

"वाईट झालं. पण आपल्या बाजूने बघ. दारात कोसळले आणि त्याच मिनिटाला डॉक्टर हजर." त्यांनी समोरची स्क्रीन तिच्याकडे वळवली. "शून्य मिनिटं. आजची सरासरी त्यांच्यामुळेच खाली आली."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण ते खरंच समाधानाने आकड्याकडे बघत होते.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" ती म्हणाली. आवाज एवढा चढेल असं तिलाही वाटलं नव्हतं. बाहेरचा टाइपिंगचा आवाज थांबला.

"प्रोजेक्टवर सही माझी लागणार आहे, हे लक्षात ठेव," व्यवस्थापक म्हणाले.

ती पुन्हा शेडमध्ये आली. फाईलमधले कोरे कागद काढून तिने एकेकाला विचारायला सुरुवात केली. नाव काय, त्रास काय, आलात किती वाजता. शिंप्याला वेळ सांगता येईना.

"सात वाजून वीस मिनिटं," दारातून वॉचमन म्हणाला. "म्हातारी साडेसातला, रिक्षाने. बाळवाली त्यांच्यानंतर. लिही, मी सांगतो. इथे कोण कधी आलं ते मला सगळं तोंडपाठ आहे. आजवर कोणी विचारलंच नाही."

दुपारी मोठ्या सिस्टर खाली आल्या. त्यांनी तिच्या हातातून कागद घेतले, त्या सुतारकाम करणाऱ्या सासऱ्यांचं नाव सगळ्यात वर लिहिलं, पुढे 'पावणेसात' घातलं आणि खाली स्वतःची सही केली. "बघू काय करतात," त्या म्हणाल्या आणि कागद थेट व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडला साखळी होती. 'आवारात विनाकारण बसू नये,' अशी नवी कोरी पाटी होती. वॉचमनच्या जागी दुसराच कोणीतरी उभा होता. तो म्हणाला, "जुन्याला गोदामावर पाठवलंय."

"आणि माणसं?"

त्याने हाताने रस्त्यापलीकडे दाखवलं. तिथल्या फुटपाथवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर रांग लागली होती. "साहेब म्हणाले, रस्ता आपल्या हद्दीत येत नाही."

प्रोजेक्टवाली रस्ता ओलांडून गेली. पहिल्या पायरीवर एक बाई गुडघ्याला फडकं बांधून बसली होती. तिच्याजवळ टेकून तिने नवा कागद काढला.

"मावशी, नाव सांगा. किती वाजता आलात?"

बाईने नाव सांगितलं. साडेसहाला आले म्हणाली. लिहून होईपर्यंत बाई कागदाकडे निरखून बघत राहिली. मग जरा पुढे सरकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने विचारलं,

"नाव लिहिलं म्हणजे आत गेल्यात जमा का गं, बाई?"